एकट्याने का जावे?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी सोलापूरहून बऱ्हाणपूरला मोटारसायकलवरून एकटा जाऊन आलो. ही बातमी वर्गात पसरली तेव्हा मला दोनच प्रश्न विचारले गेले. पहिला, "तिथे आहे काय?" आणि दुसरा, "सोबतीला कोणी मिळाले नाही का?" पहिल्या प्रश्नात कुतूहल होते, दुसऱ्यात कीव होती. एकटा गेला म्हणजे याला मित्र नसावेत, किंवा घरी भांडून गेला असावा, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे असे माझे मत असून ते मांडण्यासाठी हा लेख लिहिला आहे. पण लिहिता लिहिता हे मतही पुरेसे पक्के नाही हे ध्यानात आले. ते कसे, हे पुढे येईलच.

आधी पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. बऱ्हाणपूर आपल्याला शाळेच्या पुस्तकात भेटते ते मोगलांच्या दक्षिणेतील ठाण्याचे गाव म्हणून, आणि १६८१ साली मराठ्यांनी ज्यावर स्वारी केली ते श्रीमंत शहर म्हणून. त्यानंतर पुस्तक पुढच्या धड्याकडे वळते आणि आपणही वळतो. प्रत्यक्षात हे तापीच्या उत्तर काठावरचे, आपल्या सोलापूरसारखेच मागावर जगणारे गाव आहे. गल्लीत शिरले की यंत्रमागांचा तोच खडखडाट कानी येतो. डोळे मिटले तर आपण पूर्व भागातच उभे आहोत असे वाटावे. मुमताजमहल १६३१ च्या जून महिन्यात याच गावी बाळंतपणात वारली. नदीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला प्रथम पुरले आणि सहा महिन्यांनी तिचे शव आग्र्याला नेले. ताजमहाल पाहायला लक्षावधी लोक जातात. जिथे ते दुःख घडले तिथे मी गेलो त्या दिवशी दोन शेळ्या आणि मी एवढेच होतो.

गावाच्या उत्तरेला सातपुड्यात सुमारे वीस किलोमीटरवर असीरगड आहे. त्याला दक्षिणेचा दरवाजा म्हणत. अकबराने तो १६०१ साली जिंकला. गडावरून खाली पाहिले की हे नाव का पडले ते कळते. दोन्ही बाजूंना डोंगर आणि मधून एक खिंड. उत्तरेतून दक्षिणेत उतरायचे तर सैन्याला, व्यापाऱ्याला आणि फकिराला इथूनच जावे लागे. भूगोलाच्या पुस्तकातली एक ओळ पायाखाली येते तेव्हा ती जन्मभर विसरत नाही.

आता वाटेविषयी. माझी वाट तुळजापूर, धाराशिव, बीड, जालना, लोणार, बुलढाणा, मलकापूर, मुक्ताईनगर अशी होती. साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास अंतर. थेट गेलो तर दीड दिवसाचे काम, पण मी चार दिवस घेतले. ही वाट मला ताईने काढून दिली. ताई भूगोल घेऊन एम. ए. झाली आहे आणि आता एका कचेरीत नोकरी करते. तिने नकाशावर शिसपेन्सिलीने रेघ ओढली, आणि बुलढाण्यापाशी एक आडवी रेघ मारून म्हणाली, "इथे थांब आणि नीट बघ. इथून पुढे पाणी उलटे वाहते."

ती काय म्हणाली हे तिथे पोहोचेपर्यंत मला उमगले नव्हते. आपल्या भीमेचे पाणी पूर्वेला जाते. शहागडला ओलांडली ती गोदावरीही पूर्वेला जाते. बुलढाण्याच्या परिसरात अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारी पैनगंगासुद्धा पूर्वेचीच वाट धरते. पण बुलढाण्याहून राजूरचा घाट उतरला की पाऊस पूर्णेला मिळतो, पूर्णा चांगदेवाजवळ तापीला मिळते, आणि तापी सुरतेपाशी पश्चिम समुद्राला. म्हणजे एकाच ढगाचे दोन थेंब डोंगराच्या दोन अंगांना पडले तर एक बंगालच्या उपसागरात जाईल आणि दुसरा अरबी समुद्रात. एवढी मोठी सीमा, पण तिथे एकही पाटी नाही. उलट मुक्ताईनगर सोडून बऱ्हाणपूरकडे निघालो की राज्याची सीमा येते. तिथे पाट्याच पाट्या आहेत, पण माती तीच, केळीच्या बागा त्याच, आणि चहाच्या टपरीवरची बोलीही तीच.

सीमेचा विषय आपल्या महाविद्यालयात जपून काढावा लागतो, हे मला ठाऊक आहे. आपला हा अंकच दोन भाषांचा आहे. मराठी विभाग संपला की कन्नड विभाग सुरू होतो आणि पुष्कळ वाचक आपापला विभाग वाचून अंक मिटतात. मी कोणाच्या बाजूने बोलत नाही. फक्त वाटेत सुचलेला हिशेब सांगतो. १९५६ पूर्वी मी याच वाटेने गेलो असतो, तर सोलापूरला मुंबई राज्य सोडून धाराशिव, बीड, जालना ही हैदराबाद राज्यातली गावे लागली असती. बुलढाणा आणि मलकापूर जुन्या मध्य प्रदेशात लागले असते, मुक्ताईनगर पुन्हा मुंबई राज्यात, आणि बऱ्हाणपूर परत मध्य प्रदेशात. बुलढाणा आणि बऱ्हाणपूर तेव्हा एका राज्यात होते, आज नाहीत. रेघा बदलल्या. पाणी मात्र ज्या बाजूला वाहत होते त्याच बाजूला वाहते आहे.

बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत सोळाव्या शतकाच्या अखेरचा, फारुकी राजवटीतला एक शिलालेख आहे. तिथे अरबीबरोबर संस्कृत मजकूरही कोरलेला आहे. मला दोन्ही लिप्या धड वाचता आल्या नाहीत. तिथल्या एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, "बेटा, कहाँ से?" मी सोलापूर म्हटले. ते म्हणाले, "वहाँ की चादर है हमारे घर में." मग त्यांनी मला ती ओळ बोटाने दाखवली. मशिदीतली संस्कृत ओळ मला एका मुसलमान आजोबांनी दाखवली आणि आमची ओळख झाली ती चादरीवरून. मित्रांच्या घोळक्यात असतो तर आम्ही छायाचित्रे काढून, खवा-जिलेबी खाऊन परत फिरलो असतो. आजोबांनी घोळक्याला हाक मारली नसती.

माझा मुख्य मुद्दा हाच आहे. घोळक्याने प्रवास करणारे आपले गावच सोबत घेऊन फिरतात. तेच विनोद, तीच गाणी, तीच भांडणे. फक्त मागचा देखावा बदलतो. एकट्याला ही सोय नसते. त्याला वाट विचारावी लागते, पाणी मागावे लागते, सामानाकडे लक्ष ठेवा म्हणून अनोळखी माणसाला विनवावे लागते. एकटा जाणारा माणूस घमेंडखोर असतो असे पुष्कळांना वाटते. माझा अनुभव उलट आहे. त्याच्याइतका परावलंबी दुसरा कोणी नसतो, आणि हे परावलंबन शिकणे हे मोठे शिक्षण आहे.

याचा एक दाखला दूरच्या देशातला आहे. ऑस्ट्रेलियाचा अंतर्भाग पार करण्यासाठी १८६० साली मेलबर्नहून बर्क आणि विल्स यांची मोहीम निघाली. तिच्यासाठी उंट आपल्याकडून, त्या वेळच्या हिंदुस्थानातून, कराची बंदरातून नेले होते आणि ते हाकायला माणसेही इकडचीच होती. सामान मुबलक होते, शिधा भरपूर होता. उत्तर किनाऱ्याजवळ पोहोचून ते परतले, तर कूपर्स क्रीकच्या तळावरची त्यांची माणसे वाट पाहून त्याच दिवशी सकाळी निघून गेली होती. बर्क आणि विल्स १८६१ साली तिथेच मेले. वाचला तो जॉन किंग, कारण तिथल्या यांद्रुवांधा लोकांनी त्याला आपल्यात घेऊन खाऊ घातले. ज्या भूमीत मोहिमेची माणसे भुकेने मेली, तिथे ते लोक पिढ्यान् पिढ्या जगत होते. म्हणजे सामानाने कोणी वाचले नाही. जो मागायला शिकला तो वाचला.

मी ज्याला निसर्गाचे आश्चर्य म्हणेन असे माझ्या वाटेवर एकच होते, ते म्हणजे लोणार. उल्का आदळून काळ्या कातळात झालेले विवर, व्यास सुमारे १.८ किलोमीटर, आणि तळाशी खारे पाणी. २०२० च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झाल्याची बातमी सर्वांनी वाचली असेल. मीठ वाढले की वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आला होता. त्याच वर्षी लोणारचा रामसर यादीत समावेश झाला. मी काठावर सकाळी दोन तास बसलो. त्या दोन तासांत माझ्या मनात एकही थोर विचार आला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. फक्त परीक्षा, निकाल, नोकरी ही जी टोचणी सतत चालू असते ती थांबली होती, आणि ती थांबली आहे हेही मला तिथून उठल्यावर कळले. एवढ्यासाठीसुद्धा जावे असे मी म्हणेन.

आणि दुसरे आश्चर्य माणसाच्या हातचे, बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा. १६१५ साली अब्दुल रहीम खानखाना यांच्या कारकीर्दीत तो बांधला गेला. आपण हिंदीच्या पुस्तकात ज्यांचे दोहे पाठ केले तेच हे रहीम. सातपुड्यात मुरलेले पाणी तापीकडे जमिनीखालून झिरपत जाते. ते वाटेत अडवून भुयारातून गावात आणले आहे. भुयारावर ठरावीक अंतराने विहिरीसारख्या उभ्या कुंड्या आहेत, शंभराहून अधिक. पंप नाही, वीज नाही, केवळ उताराने पाणी चालते. सुमारे ऐंशी फूट खाली उतरलो तेव्हा वर कडक ऊन होते आणि खाली घोट्याएवढे गार, नितळ पाणी चालले होते. भिंतींवर क्षारांचे पांढरे थर चढले होते. आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येते त्या दिवशी आई पहाटे उठून पिंपे भरते. त्या भुयारात मला आईची पिंपे आठवली. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांना जे सुचले ते आपल्याला का सुचू नये, असा प्रश्न पडला. आणि हे केवळ बऱ्हाणपुरात नाही. बीदरजवळ नौबादला बहामनी काळातला असाच कारेझ आहे, विजापूरला सुरंग बावडी आहे, छत्रपती संभाजीनगरला मलिक अंबरची नहर आहे. मराठी आणि कन्नड मुलुखांच्या पोटातून एकच विद्या वाहत गेली आहे. आपण मात्र एकमेकांचे विभागही वाचत नाही.

असो. आता माझे मत लंगडे का पडले ते सांगतो.

राजूरच्या घाटात तिन्हीसांजेला माझ्या गाडीची चेन तुटली. अंधार पडू लागला. एका कापूस भरलेल्या टेम्पोच्या चालकाने गाडी थांबवली. नाव विचारले नाही, गाव विचारले नाही. "जेवलास का?" एवढेच विचारले. दोघांनी मिळून मोटारसायकल कापसावर चढवली, त्याने मला मोताळ्याच्या एका गॅरेजपाशी उतरवले आणि पैसे घेतले नाहीत. गॅरेजवाल्याने रात्री स्वतःच्या ओट्यावर झोपू दिले. घरी परतल्यावर मी हा प्रसंग मोठ्या रंगात सांगितला. माणुसकी अजून जिवंत आहे वगैरे वाक्ये पेरली. आई डोळे पुसू लागली. अण्णा म्हणाले, "देव पावला."

ताई काही बोलली नाही. रात्री जेवणानंतर भांडी घासता घासता म्हणाली, "तुझ्या जागी मी असते, तर त्या टेम्पोत चढले असते का रे?"

मला उत्तर देता आले नाही. ती पुढे म्हणाली, "तो माणूस चांगलाच होता. पण मला ते आधी कसे कळणार? तुला वाट विचारावी लागते म्हणून तू शिकतोस. मला वाट विचारताना, ज्याला विचारायचे त्याचा चेहरा आधी वाचावा लागतो. नकाशा मी काढला. जाऊन तू आलास."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, हे मला जास्त लागले. ज्या जागी पाणी उलटे वाहते ती जागा तिला कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होती. तिने ती पाहिलेली नव्हती. एकट्याने जावे, अनोळखी माणसांवर विसंबावे, हा माझा सारा सिद्धांत अर्ध्या जगापुरताच खरा होता, आणि मी तो सगळ्यांना लागू करून बसलो होतो.

मग आम्ही दोघे पुष्कळ बोललो. रॉबिन डेव्हिडसन नावाच्या तरुणीची गोष्ट तिने मला सांगितली. १९७७ साली ती ऑस्ट्रेलियाच्या मध्यावरील ॲलिस स्प्रिंग्जहून चार उंट आणि एक कुत्रा घेऊन निघाली आणि सुमारे २७०० किलोमीटर वाळवंट तुडवून हिंदी महासागरापर्यंत पोहोचली. वाटेच्या एका टप्प्यात एक वृद्ध आदिवासी तिच्यासोबत चालला. बाकीची बरीचशी वाट ती एकटीच होती. मी म्हटले, "तो देश वेगळा." ताई म्हणाली, "मग तुझी मुक्ताई कुठली?"

मी निरुत्तर झालो. मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून दरवर्षी मुक्ताबाईची पालखी निघते. बुलढाणा, जालना, बीड करत महिन्याहून अधिक काळ चालून ती आपल्या जिल्ह्यात पंढरपूरला येते. म्हणजे मी ज्या वाटेने गेलो, बहुतेक त्याच वाटेने ती उलटी येते. त्या वाटेवर बायका चालतात, म्हाताऱ्या चालतात, उघड्यावर मुक्काम करतात, कोणाच्याही दारात पाणी मागतात. त्यांना कोणी विचारत नाही की सोबत कोण आहे. गावे त्यांच्यासाठी भाकरी करतात. आणि ही पालखी कोणाची, तर ज्या मुलीला चांगदेवांसारख्या योग्याने गुरू मानले तिची. म्हणजे बाईने वाट चालणे आपल्या समाजाला माहीत नाही असे नाही. आषाढात ते आपल्याला शोभते, मग उरलेल्या महिन्यांत तीच वाट, तीच गावे, तीच माणसे तिच्यासाठी धोक्याची का व्हावीत? हा प्रश्न ताईने चेहरे वाचायला शिकून सुटणारा नाही. तो आमच्यासारख्यांच्या चेहऱ्यांचा प्रश्न आहे. टपरीवर बसलेल्या आम्हा पोरांपाशी कोणी मुलगी एकटी येऊन वाट विचारील, तेव्हा आम्ही तिला वाटच सांगतो की आणखी काही, यावर तो अवलंबून आहे.

म्हणून आमच्या विद्यार्थी मंडळापुढे मी एक सूचना ठेवतो. दरवर्षी सहलीच्या बसला जो खर्च होतो त्यातला थोडा भाग वेगळा काढावा. ज्यांना आतल्या भागात, आडवाटेच्या गावी तीन-चार दिवस एकट्याने जायचे असेल अशा काही विद्यार्थ्यांना तो द्यावा, आणि त्यांत निम्म्या मुली असाव्यात. ज्या मुलींना एकटे जाणे आज शक्य वाटत नाही त्यांनी सुरुवातीला दोघींनी जावे. आपले माजी विद्यार्थी गावोगाव शिक्षक आहेत, नोकरीला आहेत, शेती करतात. त्यांतले जे रात्रीचा मुक्काम द्यायला तयार असतील त्यांची यादी करावी. त्या यादीसाठी पैसा लागत नाही, पोस्टकार्डाएवढे कष्ट लागतात. परतल्यावर प्रत्येकाने या अंकात लिहावे, आणि मराठी लेखाचा सारांश कन्नडमध्ये व कन्नड लेखाचा मराठीत द्यावा. कोणी म्हणेल, काही बरेवाईट झाले तर जबाबदार कोण? प्रश्न रास्त आहे. पण काही होऊ नये म्हणून मुलींना घरी ठेवण्यातही एक नुकसान होते. ते रोज होते, म्हणून दिसत नाही.

ताईने या आठवड्यात पुन्हा नकाशा काढला आहे. विजापूरची सुरंग बावडी, तिथून बीदरचे नौबाद. जानेवारीत तीन दिवसांची रजा तिला मिळते आहे. स्कूटरचे काम करून घेतले आहे. कन्नड विभागातल्या माझ्या एका मित्राकडून तिने काही वाक्ये लिहून घेतली आणि आता ती स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणत असते, "विजयपुरक्के दारी यावुदु?" अण्णा वर्तमानपत्रामागून ऐकतात. आईने काल विचारले, "सोबत कोण आहे?"

ताई म्हणाली, "वाटेत भेटतील." आई अजून हो म्हणालेली नाही. नाहीही म्हणालेली नाही.